आगोटीला भरलेले खाद्य आणि जुलैत घटणारी अंडी: दोष कोठे शोधावा

दर वर्षी आषाढ लागला की माझ्याकडे साधारण एकाच प्रकारची विचारणा येऊ लागते. कोंबड्या मे अखेरपर्यंत चांगली अंडी देत होत्या, खाद्य घरीच मिसळलेले आहे, त्यात कोंडा, कणी, खोबऱ्याची पेंड, सुका जवळा, नाचणी असे सर्व काही आहे, शिवाय अझोला (पाण्यावर वाढणारी बारीक हिरवी वनस्पती) आणि हळदही चालू आहे. तरीही अंडी निम्म्यावर आली असून जी येतात त्यांचे कवच बोटाने दाबले तरी चेपते. राजापूर तालुक्यात मी स्वतः दीडशेच्या आसपास सुधारित गावठी कोंबड्या पाळतो. हा दोष माझ्याच खुराड्यात दोनदा येऊन गेला आहे आणि शेजारपाजारच्या वाड्यांतून तो शोधून काढण्याचे काम अनेकदा अंगावर पडले आहे. पहिल्या वर्षी मी सर्वप्रथम औषधांच्या दुकानात गेलो आणि टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालवले. दोष मात्र पडवीत ठेवलेल्या पोत्यात होता.

आपल्याकडे आगोटीला, म्हणजे पाऊस लागण्यापूर्वी, तांदूळ, मिरची, सुकी मासळी यांची बेगमी करण्याची रीत आहे. तीच रीत कोंबड्यांच्या खाद्याला लावली की हा दोष जन्माला येतो. माणसांसाठी भरलेला उकडा तांदूळ चार महिने टिकतो. त्याच पडवीत ठेवलेला तेलकट कोंडा आणि पेंड मात्र चार आठवडेही नीट टिकत नाहीत.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे अंड्यांची घट, आणि ती एका दिवसात नव्हे तर पंधरा-वीस दिवसांत हळूहळू होते. त्यासोबत कवच पातळ, खरखरीत किंवा एका बाजूने सुरकुतलेले येते, कधी कवचाविना नुसत्या पापुद्र्यात अंडे सापडते. विष्ठा पातळ होते आणि खुराड्यातील तुसाची गादी दोन दिवसांत चिखलासारखी होते. कोंबड्या खाद्यपात्रात चोचीने उकरून ठरावीक दाणे वेचतात आणि भुकटी तळाशी तशीच राहते. तुरे फिके पडतात. एकमेकींची पिसे उपटून खाण्याची खोड लागते, ती बहुधा प्रथिने किंवा क्षार कमी पडत असल्याची खूण असते. अंडे फोडल्यावर बलक फिका दिसतो; आणि काही घरांत, विशेषतः अंडी आठवडाभर ठेवल्यावर, बलक हिरवट-तपकिरी झालेला आढळतो. या शेवटच्या लक्षणाचे कारण बहुतेकांना सुचत नाही, म्हणून त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

मात्र काही लक्षणे दिसताच पुढील एकही तपासणी करीत बसू नये. एकाच दिवशी दोन-तीन कोंबड्या अचानक मरणे, मान मुरगळणे किंवा पाय लुळे पडणे, हिरवी पातळ विष्ठा, विष्ठेतून रक्त, तोंड उघडून घरघरत श्वास घेणे, तुरा किंवा डोके सुजून निळे-जांभळे होणे, यांपैकी काहीही दिसल्यास तो खाद्याचा प्रश्न नाही असे धरून थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, सुरुवातही अंडी घटण्याने आणि वेड्यावाकड्या कवचाने होऊ शकते. त्यामुळे लसीकरण चुकलेले असेल तर खाद्याचा संशय घेण्यापूर्वी त्या रोगाचा संशय घेणे शहाणपणाचे ठरते.

पोत्याला हात लावण्यापूर्वी

सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे अंडी खरोखर घटली आहेत की नुसती सापडत नाहीत, हे पाहणे. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या पावसात कोरडी जागा शोधतात आणि गोठ्यातील पेंढ्यात, लाकडांच्या खोपीत, क्वचित माळ्यावरच्या टोपलीत अंडी घालून येतात. मुंगूस आणि घोरपड यांना ती जागा आपल्या आधी सापडते. दोन दिवस कोंबड्या सकाळी अकरापर्यंत कोंडून ठेवल्या की खरा आकडा हाती येतो. मागे एका घरी आम्ही खाद्याचा सगळा हिशेब मांडून बसलो होतो आणि त्या घरच्या काकींनी पेंढ्याच्या उडवीतून सतरा अंडी काढून समोर ठेवली.

त्यानंतर कोंबडी हातात घेऊन पाहावी. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या हाडांच्या टोकांमध्ये दोन ते तीन बोटे मावत असतील तर ती अंड्यावर आहे, आणि जेमतेम एक बोट मावत असेल तर ती थांबली आहे. थांबलेल्यांपैकी किती खुडूक बसल्या आहेत आणि कितींची पिसे झडत आहेत हे मोजावे, कारण गावठी रक्ताच्या कोंबड्यांत खुडूक बसणे हा स्वभाव आहे आणि त्यावर खाद्य बदलून काहीही साध्य होत नाही. उजेडाचेही पाहावे. अंड्यावरील कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा असला तरी झडीच्या दिवसांत, ताडपत्री ओढलेल्या खुराड्यात दुपारीही संध्याकाळ असते, म्हणून पहाटे किंवा संध्याकाळी एक साधा एलईडी दिवा ठरावीक वेळेला लावल्यास फरक पडतो. दिव्याची वेळ रोज बदलत राहिल्यास मात्र उपयोग होत नाही.

नाक, हात आणि मिठाची बाटली

आता पोते उघडावे, आणि वरची मूठ न पाहता कोपरापर्यंत हात घालून मधला व तळाचा माल बाहेर काढावा. वरचा थर हवेने कोरडा राहतो, ओल तळाशी आणि भिंतीकडच्या बाजूला साचते. हाताला उबदार लागले, मूठ दाबल्यावर ढेकूळ तसेच राहिले, कुबट वास आला, जाळी किंवा हिरवट-पिवळसर बुरशी दिसली, तर ते पोते त्याच क्षणी बाजूला काढावे.

ओल किती आहे हे यंत्राशिवाय पाहण्याची एक जुनी रीत आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश भाग मका किंवा कणी भरावी, त्यात दोन-तीन चमचे मीठ घालून मिनिटभर हलवावे आणि पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटून राहिले तर दाण्यातील ओल साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे साठवणीस तो अयोग्य आहे. आपल्याकडे पावसाळ्यात मीठच पाझरते, त्यामुळे ते आधी तव्यावर भाजून गार करून घ्यावे. हे न केल्यास प्रत्येक पोते ओले ठरेल.

या तपासणीला मी इतके महत्त्व का देतो, तर बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष डोळ्यांना दिसत नाही. बुरशी झटकून टाकली, माल उन्हात वाळवला, भाजला किंवा शिजवला तरी ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. ते यकृतावर घाव घालते; कोंबडी लगेच मरत नाही, पण अंडी घटतात, रोगप्रतिकारशक्ती खचते आणि दिलेली लसही नीट लागू पडत नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अनाकलनीय रोगाने मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत या विषाचा छडा लागला. आपल्याकडे शेंगदाण्याची पेंड, मका आणि नीट न वाळलेल्या खोबऱ्याची पेंड यांत याच बुरशीचा धोका असतो. बदके असतील तर अधिकच सावध राहावे, कारण त्यांना या विषाची थोडीशी मात्राही सोसत नाही.

बुरशी लागलेला माल गुरांना किंवा कुत्र्याला घालून वसूल करू नये. खड्ड्यात पुरावा. शंभर-दीडशे रुपयांच्या पेंडीसाठी गाभण म्हैस धोक्यात घातलेली मी पाहिली आहे.

पाण्यात टाकलेला कोंडा

कोंडा हा कोकणातील पर्यायी खाद्याचा कणा आहे आणि फसवणूकही त्यातच सर्वांत जास्त होते. चांगल्या पॉलिशच्या कोंड्यात १२ ते १४ टक्के प्रथिने आणि बरेच तेल असते. जुन्या हलर गिरणीतून निघणाऱ्या कोंड्यात मात्र तूस भरडून मिसळलेले असते, त्यात प्रथिने खूपच कमी आणि कोंबडीला न पचणारा तंतू जास्त असतो. पेलाभर पाण्यात मूठभर कोंडा टाकून ढवळावा: वर तरंगते ते बहुतांशी तूस, तळाशी करकरते ती रेती. वर बोटभर जाडीचा थर जमला तर त्या कोंड्याने कोंबडीचे पोट भरते, पोषण होत नाही.

दुसरा दोष खवटपणाचा आहे. तांदूळ पॉलिश होताच कोंड्यातील तेल आणि ते फोडणारे विकर (एन्झाइम) एकमेकांच्या संपर्कात येतात आणि पावसाळी हवेत काही दिवसांतच कोंडा खवट होऊ लागतो. जिभेला कडवट-चरचरीत लागला, जुन्या तेलाच्या बुधल्यासारखा वास आला तर तो कोंबड्या खात नाहीत. खाल्लाच तर त्यातील खवट तेल खाद्यातील अ आणि ई जीवनसत्त्वे नासवते. उपाय सरळ आहे. कोंडा आठवड्यापुरताच आणावा, आणि गिरण लांब असेल तर तेल काढलेला कोंडा, ज्याला दुकानात डीओबी म्हणतात, तो घ्यावा. त्यात तेल नसल्याने ऊर्जा कमी मिळते, पण तो टिकतो.

शिंपले आणि नाचणीचा गैरसमज

पातळ कवचाची तक्रार असेल तर प्रथम कुटलेल्या शिंपल्यांचा उपाय करावा, कारण किनाऱ्यावर तो जवळजवळ फुकट आहे आणि त्याचा परिणाम थोड्याच दिवसांत दिसतो.

“आम्ही नाचणी घालतो, तीत भरपूर कॅल्शियम असते,” हे उत्तर मला प्रत्येक घरी मिळते. नाचणीत ते धान्यांच्या मानाने भरपूर आहे हे खरे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ०.३४ ग्रॅम. पण एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम असते आणि खाल्लेले सगळे अंगी लागत नसल्यामुळे अंड्यावरील कोंबडीला दिवसाला साडेतीन ते चार ग्रॅम द्यावे लागते. दिवसाकाठी ११५ ग्रॅम खाणाऱ्या कोंबडीच्या मिश्रणात दहा टक्के नाचणी असली, तर तिच्यातून मिळणारे कॅल्शियम ०.०४ ग्रॅमही भरत नाही. उरलेले ती स्वतःच्या हाडांतून काढते आणि हाडे रिकामी झाली की कवच पातळ होते किंवा अंडे थांबते.

कालवांचे आणि तिसऱ्यांचे शिंपले गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, पाट्यावर किंवा खलबत्त्यात कुटावेत. पीठ करू नये. मसूर ते तूरडाळ एवढे तुकडे ठेवावेत. कवच प्रामुख्याने रात्री तयार होते आणि मोठा तुकडा पोटातील पथरीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पिशवीत, सावकाश विरघळून रात्रभर कॅल्शियम पुरवतो, पीठ मात्र लवकर निघून जाते. हे तुकडे वेगळ्या भांड्यात, दुपारनंतर कायम समोर ठेवावेत. ज्या कोंबडीला गरज असते ती नेमकी तेवढे वेचते. शिंपले भाजून केलेला खायचा चुना मात्र देऊ नये, तो दाहक असतो. तलंगांना आणि पिल्लांना हे भांडे लागू देऊ नये, कारण अंड्यावर न आलेल्या पक्ष्यांत जास्त कॅल्शियमने मूत्रपिंडे बिघडतात.

आठवडाभर शिंपले देऊनही कवच सुधारले नाही, तर दोष कॅल्शियमच्या अभावाचा नसून ड जीवनसत्त्वाचा, स्फुरदाचा, वयाचा किंवा रोगाचा आहे असे समजून पुढे जावे. पावसाळ्यात ऊन नसते आणि कोंबड्या कोंडलेल्या असतात, त्यामुळे ड जीवनसत्त्वाची उणीव अगदी सहज पडते. कोंड्यातील स्फुरदाचा मोठा भाग फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि तो कोंबडीला फारसा मिळत नाही. म्हणूनच घरगुती मिश्रणात कुक्कुटपालनासाठीचे खनिज-जीवनसत्त्व मिश्रण थोडे तरी विकत घ्यावेच, असे माझे ठाम मत आहे. सगळे घरचेच असावे हा हट्ट येथे महाग पडतो.

मासळीतले मीठ

विष्ठा पाण्यासारखी आणि गादी सतत ओली, पण कोंबड्या बऱ्यापैकी तरतरीत आणि पाण्यावर सारख्या जाणाऱ्या, असे चित्र असेल तर मासळीचे पोते तपासावे. मिठाविना वाळवलेला जवळा किंवा मांदेली आणि खारवलेली मासळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पावसाळ्यात १ जूनपासून मासेमारी बंद होते, सुका जवळा महाग होतो आणि मग स्वस्तात मिळणारा खाऱ्या मासळीचा चुरा पोत्यात शिरतो. अशा चुऱ्यात २० टक्के मीठ असले आणि तो शंभर किलोत पाच किलो घातला, तर एकट्या मासळीतूनच एक टक्का मीठ होते. कोंबडीला एकूण खाद्यात ०.३ ते ०.५ टक्के पुरे असते, आणि बहुतेक घरांत वरून वेगळे मीठही टाकलेले असते.

चिमूटभर चुरा जिभेवर ठेवावा. खारट लागला की वरचे मीठ बंद करावे आणि तो चुराही वापरायचा थांबवावा. धुऊन वाळवणे शक्य आहे, पण जुलैत वाळवणार कोठे? मीठ हेच कारण असेल तर तीन-चार दिवसांत विष्ठा घट्ट होऊ लागते. न झाल्यास विहिरीचे पाणी गढूळ आहे का ते पाहावे, आणि त्यानंतर जंतांचा व रक्ती हगवणीचा विचार पशुवैद्यकाकडे सोपवावा.

हळद, लसूण, अझोला: आधी थांबवून पाहा

नैसर्गिक पूरकांना माझा विरोध नाही. किलोमागे चार-पाच ग्रॅम हळद मी स्वतः वापरतो आणि शेवग्याची सावलीत वाळवलेली पाने तर मला फार उपयोगी वाटतात, कारण त्यांत पाव हिस्सा प्रथिने असून बलकालाही रंग येतो. परंतु दोष शोधताना एकाच वेळी हळद, लसूण, कडुनिंब, मेथी आणि ताक चालू असेल तर कोणत्या गोष्टीने काय झाले हे कळण्याची सोय राहत नाही. म्हणून दहा दिवस सर्व पूरके बंद करावीत. कडुनिंबाच्या पाल्याने खाद्य कडू होऊन कोंबड्या कमी खाऊ लागल्या आहेत, असे मला किमान तीन ठिकाणी आढळले. हळदीने बुरशीचे विष उतरते, या समजुतीवर सडके पोते खपवणे हा तर शुद्ध धोका आहे.

अझोल्याचा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः मांडून पाहावा. त्यात २० ते २५ टक्के प्रथिने असतात असे सगळीकडे सांगितले जाते आणि ते खरेही आहे, पण ते वाळलेल्या अझोल्याविषयी. ताज्या अझोल्यात ९३ ते ९५ टक्के पाणीच असते. कोंबडीने सकाळी ५० ग्रॅम ताजा अझोला खाल्ला तर तिला सुमारे तीन ग्रॅम कोरडा माल आणि पाऊण ग्रॅमच्या आतबाहेर प्रथिने मिळतात. तिची दिवसाची गरज १७-१८ ग्रॅम आहे. शिवाय तिचे पोट पाण्याने भरल्यामुळे खरे खाद्य तेवढे कमी खाल्ले जाते. अझोला दुपारनंतर, तोंडी लावण्यापुरता द्यावा. त्याच्या भरवशावर पेंड कमी केली की अंडी हमखास घटतात.

सुबाभळीचा पाला मायमोसिन या घटकामुळे अगदी अल्प प्रमाणातच चालतो. मी तो देतच नाही. फणसाच्या आठळ्या उकडल्याशिवाय आणि आंब्याच्या बाठ्यातील कोय भिजवून, उकडून तिचा तुरटपणा उतरवल्याशिवाय देऊ नये. कॅनिंगच्या हंगामानंतर बाठ्यांचे ढीग फुकट मिळतात म्हणून लोक ते भरडून सरळ मिसळतात. कोयीतील टॅनिनमुळे प्रथिने पचत नाहीत आणि अंडी कमी होतात. उकडलेली, वाळवलेली कोयही शंभरात पाच किलोच्या पुढे मी नेत नाही, आणि ती कणीच्या बदल्यात घालतो, पेंडीच्या बदल्यात नव्हे, कारण ती पिठूळ आहे.

हिरवट-तपकिरी बलकाचे कारण बहुतेक वेळा गोठ्यात सापडते. म्हशीसाठी आणलेली सरकीची पेंड कोंबड्यांच्या घमेल्यात गेलेली असते. सरकीतील गॉसिपॉल हा घटक बलकातील लोहाशी संयोग पावते आणि अंडी ठेवली की रंग बदलतो. गुरांचे तयार खाद्यही कोंबड्यांना देऊ नये. त्यात काही वेळा युरिया असतो, तो रवंथ करणाऱ्या जनावराला उपयोगी पडला तरी कोंबडीला अपायच करतो. करंज, उंडी आणि एरंडाची पेंड बागेत खत म्हणून ठेवलेली असते. तिचे पोते आणि खाद्याचे पोते एका खोपीत ठेवूच नये.

कागदावरचा हिशेब

वरील सर्व ठीक असेल तर आता तराजू लागतो. बादली आणि पायली यांनी मोजलेले मिश्रण हिशेबात धरता येत नाही, कारण बादलीभर कोंडा आणि बादलीभर कणी यांच्या वजनात मोठी तफावत असते. एका घरचे मिश्रण मी वजन करून लिहून काढले ते असे होते: कोंडा ४० किलो, कणी ३०, खोबऱ्याची पेंड १५, नाचणी १०, जवळा ५. कोंड्याची प्रथिने १२ टक्के, कणीची ८, पेंडीची २१, नाचणीची ७ आणि जवळ्याची ५० धरली तर एकूण साडेतेरा किलो, म्हणजे साडेतेरा टक्के होतात. अंड्यावरील कोंबडीला १६ ते १७ टक्के हवीत. त्यातही खोबऱ्याच्या पेंडीत लायसिन आणि मेथिओनिन ही दोन आवश्यक अमिनो आम्ले कमी असतात आणि तंतू जास्त असतो, त्यामुळे ती १५ किलो घालून कागदावर दिसते तेवढे पदरात पडत नाही. कोकणात खोबरेल घाण्याची पेंड सहज मिळते म्हणून हात सैल सुटतो. माझ्या मते शंभरात सहा ते आठ किलो ही तिची मर्यादा आहे.

त्या घरी आम्ही बदलून केलेले मिश्रण पुढीलप्रमाणे होते: मका २७, कोंडा २५, सोयाबीनची पेंड १८, कणी १०, शिंपल्यांचा चुरा ९, खोबऱ्याची पेंड ६, जवळा ३ आणि उरलेल्या दोन किलोंत खनिज-जीवनसत्त्व मिश्रण, डायकॅल्शियम फॉस्फेट व थोडे मीठ. मका ९ टक्के आणि सोयाबीनची पेंड ४५ टक्के धरल्यास प्रथिने १७ टक्क्यांवर जातात. सोयाबीनची पेंड घाटावरून येते आणि महाग पडते याची मला कल्पना आहे, पण एवढ्या मोठ्या उणिवेला किनाऱ्यावर मिळणाऱ्या वस्तूंतून स्वस्त उत्तर मला सापडलेले नाही. घरचे कच्चे सोयाबीन दळून मात्र घालू नये. त्यातील पचनरोधक घटक भाजल्याशिवाय किंवा उकडल्याशिवाय निष्प्रभ होत नाहीत. मिश्रण बदलताना ते सात-आठ दिवसांत हळूहळू बदलावे, एका रात्रीत बदलल्यास कोंबड्या खाणेच सोडतात आणि अंडी आणखी पडतात.

साठवणही याच वेळी सुधारावी. पोती जमिनीपासून वीतभर उंच फळीवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत, मिश्रण पंधरा दिवसांपुरतेच, आणि साधा तेलकट कोंडा असेल तर आठवड्यापुरतेच करावे, आणि उघडीप मिळेल त्या दिवशी पत्र्याचे पिंप रिकामे करून वाळवावे. चुलीवरच्या माळ्यावरची जागा कोकमाच्या सोलांइतकीच मक्याच्या पोत्यालाही मानवते.

चौदा दिवसांची तुलना

एवढे करूनही खात्री होत नसेल तर वीस कोंबड्या, सारख्या वयाच्या, वेगळ्या कराव्यात. त्यांना ताज्या तारखेचे तयार लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य, विकत आणून १४ दिवस द्यावे आणि बाकीच्यांना घरचे मिश्रण चालू ठेवावे. उजेड, पाणी, शिंपले दोन्हीकडे सारखे हवेत. रोजची अंडी दोन रकान्यांत लिहावीत. पहिले पाच-सहा दिवस काहीच दिसत नाही आणि येथेच लोक धीर सोडतात. खाद्यातील बदलाचा अंड्यांच्या संख्येवरील परिणाम दिसायला दहा-बारा दिवस जातात. वीस कोंबड्या सुधारल्या तर दोष मिश्रणात आहे हे नक्की. दोन्ही गट सारखेच मागे राहिले तर दोष कोंबडीत, खुराड्यात किंवा जुन्या यकृत-विकारात आहे, आणि खाद्यात आणखी काही मिसळत बसण्यात अर्थ नाही.

कोठे थांबावे

तुलनेनंतरही कारण सापडले नाही, किंवा कुबट पोते खाल्ल्यानंतर कोंबड्या वाळत चालल्या, तर आपले काम संपले. खाद्याचा नमुना तपासून घ्यावा: पोत्याच्या वर, मध्ये, तळाशी अशा पाच-सहा ठिकाणांहून मुठी काढून एकत्र कराव्यात आणि त्यातील अर्धा ते एक किलो कापडी किंवा कागदी पिशवीत द्यावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत वाटेतच घाम धरून बुरशी वाढते. कोंबडीखाद्यात अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम धरली जाते, आणि एवढी सूक्ष्म मात्रा वास घेऊन कोणालाही ओळखता येत नाही. नमुना कोठे पाठवावा हे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा दापोलीच्या कोंकण कृषी विद्यापीठात विचारता येते.

प्रतिजैविक मात्र स्वतःच्या मनाने देऊ नये. अंडी वाढवणारी पूड म्हणून दुकानातून मिळणाऱ्या सुट्या पुड्या तर अजिबात घेऊ नयेत. कोलिस्टिन या प्रतिजैविकावर खाद्य-प्राण्यांसाठी २०१९ मध्ये बंदी आलेली आहे आणि सुट्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कोंबड्या पटापट मरू लागल्या किंवा परिसरात कावळे मरून पडलेले दिसले, तर मेलेला पक्षी फाडून पाहू नये, वहाळात टाकू नये आणि उघड्या हातांनी उचलू नये. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता, तेव्हा हा धोका दूरच्या मुलखातला मानण्याचे कारण नाही. दवाखान्यात किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे, खुराड्यात इतरांची ये-जा थांबवावी आणि डॉक्टर येईपर्यंत अंडी-कोंबड्या विकू नयेत. डॉक्टरांना दाखवण्यासाठी अंड्यांची वही, मिश्रणाच्या वजनांचा कागद, लसीकरणाच्या तारखा आणि पोत्यावरची चिठ्ठी एका पिशवीत काढून ठेवावी. यांपैकी वही नसेल तर निदान गेल्या पंधरा दिवसांतील अंड्यांचे आकडे घरातल्या सर्वांना विचारून लिहून ठेवावेत, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.